श्रवणाच्या कावडीखालचा तारा आठ दिवस बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर काक्षी ताऱ्याबद्दल एक छोटी चौकट आली होती, तारा मंदावतोय, आता कधीही स्फोट, अशा अर्थाचं हेडिंग होतं. संध्याकाळपर्यंत तीच बातमी आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीनदा फिरून आली आणि शेवटच्या फॉरवर्डमधे तर पृथ्वीवर अंधार पडणार, समुद्र वर येणार असंही कोणीतरी जोडून दिलेलं होतं. शेजारची पाचवीतली मुलगी रात्री माझ्याकडे आली आणि विचारायला लागली की आजोबा तो तारा आपल्यावर पडणार का. काक्षी सध्या रात्री अकराच्या सुमाराला पूर्वेला वर येतो, तोपर्यंत तिला जागं ठेवणं काही बरोबर नाही, म्हणून मी तिला गच्चीवर नेऊन दुसराच एक तारा दाखवला जो दर आठवड्याला मंद होतो आणि परत उजळतो. हे पत्र त्या ताऱ्याबद्दल आहे, गरुड तारकासमूहातला ईटा (ईटा, बीटा, थीटा ही ताऱ्यांना नावासारखी दिलेली ग्रीक अक्षरं). थोडं लांब होईल, पण जमल्यास पूर्ण छापावं ही विनंती.

आधी काक्षीचं बोलतो. काक्षी म्हणजे बीटलज्यूस, मृगातला तांबूस तारा, आपण ज्याला आर्द्रा नक्षत्र म्हणतो ते हेच, जूनमधे आर्द्रा निघाल्या की पेरणीचं बोलणं सुरू होतं त्याच आर्द्रा. हा तारा नेहमीच कमी-जास्त होत असतो, साधारण ४०० दिवसांचा एक फेरा असतो आणि त्याच्यावर आणखी एक पाच-सहा वर्षांचा मोठा फेरा. २०१९ च्या शेवटी मात्र तो जरा जास्तच उतरला, एरवी अर्ध्या प्रतीच्या (प्रत म्हणजे ठळकपणाचा आकडा, लहान म्हणजे जास्त ठळक) आसपास असणारा तारा फेब्रुवारी २०२० मधे १.६ प्रतीपर्यंत गेला, म्हणजे नेहमीच्या उजेडाच्या एक तृतीयांशाला थोडं वर. तेव्हाही स्फोटाच्या बातम्या आल्या होत्या. आणि एप्रिल-मे पर्यंत तो परत जागेवर आला! नंतर चिलीमधल्या मोठ्या दुर्बिणीच्या फोटोंवरून कळलं की ताऱ्याने गॅसचा एक मोठा लोट बाहेर टाकला होता, तो थंड होऊन त्याची धूळ झाली आणि त्या धुळीने ताऱ्याचा एक भाग झाकला. तो कधीतरी फुटणार हे खरं आहे, पण शास्त्रज्ञ त्याबद्दल बोलतात ते लाखभर वर्षांच्या हिशेबात, आणि तो आहे पाचशे ते सातशे प्रकाशवर्षं लांब, फुटला तरी आपल्याला दिवसासुद्धा एक ठिपका चमकताना दिसेल, बाकी काही होणार नाही. एवढं त्या चौकटीत दोन ओळीत लिहिता आलं असतं.

माझी ओळख सांगतो. मी ३३ केव्हीच्या एका सबस्टेशनला तीस वर्षं ऑपरेटर होतो, आता रिटायर आहे. ऑपरेटरचं काम म्हणजे दर तासाला मीटरसमोर उभं राहून लॉगशीटमधे आकडे भरायचे, व्होल्टेज किती, कोणत्या फीडरवर, म्हणजे गावाकडे जाणाऱ्या लाइनवर, किती अँपिअर, ट्रान्सफॉर्मरचं ऑइल टेंपरेचर किती, आणि रात्री तीनला डोळे मिटत असले तरी आकडा खराच लिहायचा, मागचा बघून पुढचा ठोकून द्यायचा नाही. लोडशेडिंगच्या वर्षांत गावठाणाचा फीडर बंद करून यार्डात आलो की सगळा गाव एकदम काळा व्हायचा आणि आभाळ इतकं भरून दिसायचं की मान खाली घ्यावीशी वाटायची नाही. तिथूनच नाद लागला. दुर्बीण नव्हती, आजही एक साधी द्विनेत्री आहे तेवढीच, आणि ज्या ताऱ्याबद्दल लिहितोय त्याला तीही लागत नाही.

तारा शोधायचा कसा ते सांगतो. आत्ता ऑक्टोबरात संध्याकाळी सव्वासात-साडेसातला जवळपास माथ्यावर, जरा दक्षिणेकडे, श्रवण दिसतो. त्याच्या दोन्ही बाजूला एक एक तारा आहे आणि तिघं एका रेषेत आहेत, आमची आजी त्याला श्रवणबाळाची कावड म्हणायची, मधला श्रवण आणि दोन टोकांना आईबाप. उत्तरेकडचं टोक जास्त ठळक आहे, दक्षिणेकडचं टोक मंद. ते मंद टोक म्हणजे गरुड तारकासमूहातला बीटा तारा. आता ती कावड तशीच दक्षिणेकडे लांबवायची, मंद टोकापासून पुढे कावडीच्या लांबीपेक्षा थोडं जास्त अंतर जायचं, किंचित पश्चिमेला वळायचं, तिथे एक एकटा तारा आहे. तो ईटा. त्याच्या पूर्वेला साधारण तेवढ्याच अंतरावर थीटा नावाचा ठळक तारा आहे, आणि पश्चिमेला जरा खाली आयोटा म्हणून मंद तारा आहे. एवढे चार समजले की काम झालं.

बीटाची प्रत आहे ३.७, थीटाची ३.२, आयोटाची ४.४. प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा ठळक, हे उलटं आहे पण दोन दिवसात सवय होते. हे तिघं आपल्या डोळ्याला बदलत नाहीत. ईटा मात्र ३.५ पासून ४.४ पर्यंत वरखाली होतो, म्हणजे काही संध्याकाळी तो कावडीच्या मंद टोकापेक्षा सरळ सरळ ठळक दिसतो आणि तीन-चार दिवसांनी बघावं तर आयोटाच्या बरोबरीला येऊन बसलेला असतो. उजेडात फरक सव्वादोन पटीचा. एक पूर्ण फेरा ७ दिवस ४ तास आणि काही मिनिटांचा. एकदा लक्षात आलं की परत त्या तुकड्याकडे नुसतं बघून पुढे जाता येत नाही, आधी नजर ईटाकडे जाते की आज कुठे आहे.

पहिल्या वर्षी मला हा बदल दिसलाच नव्हता आणि त्याचं कारण सांगण्यासारखं आहे. माझा वीकली ऑफ बुधवारी असायचा, बाकीचे दिवस सेकंड शिफ्ट, म्हणजे संध्याकाळी यार्डातले मोठे दिवे चालू आणि डोळे उजेडात. त्यामुळे बुधवारी घरी गच्चीवर बघायचो, वहीत लिहायचो, पुढच्या बुधवारी परत. असे सहा बुधवार लिहिले आणि सहाही वेळा जवळपास एकच, बीटापेक्षा जरा मंद, बीटापेक्षा जरा मंद. मी समजलो की पुस्तकातलं काहीतरी चुकलंय किंवा मी भलताच तारा बघतोय, आणि सोडून दिलं. पुढच्या वर्षी शिफ्ट बदलली, सकाळची आली, संध्याकाळी मोकळा झालो आणि लागोपाठ चार दिवस बघितलं तर चौथ्या दिवशी तारा आयोटाइतका उतरलेला! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ताऱ्याचा फेरा सात दिवसांचा, माझी सुट्टी सात दिवसांनी, म्हणजे मी दर वेळी तो त्याच जागेवर असतानाच जाऊन बघत होतो, फरक पडत होता तो फक्त वरच्या चार तासांचा. सबस्टेशनला कोणी रोज फक्त दुपारी तीनचंच रीडिंग घेतलं तर त्याला वाटेल की गावाचा लोड कधी बदलतच नाही, तसं ते झालं होतं. म्हणून वाचकांना हात जोडून सांगतो की हा तारा आठवड्यातून एकदा बघू नका, रोज बघा, निदान एक दिवसाआड तरी.

आकडे कागदावर मांडायला मी लोड कर्व्हचाच, म्हणजे विजेचा वापर कसा वरखाली होतो ते काढायचा, ग्राफ पेपर वापरला. आडवे दिवस, उभी प्रत. एका आठवड्याच्या ठिपक्यात काही कळत नाही, कारण एखाद्या दिवशी ढग, एखाद्या दिवशी चांदणं, एखाद्या दिवशी घरी पाहुणे. पण सगळ्या आठवड्यांचे ठिपके फेऱ्यानुसार एकावर एक मांडले की आकार दिसायला लागतो, चढ एकदम उभा, सव्वादोन-अडीच दिवसात तारा तळातून माथ्यावर जातो, आणि उतार लांब, जवळजवळ पाच दिवसांचा. उताराच्या मधे एक थांबा आहे, घाट उतरताना मधे सपाट पट्टा लागतो तसा. तो थांबा मला डोळ्याने कधी खात्रीने पकडता आला नाही, ग्राफवर मात्र तीन वर्षांचे ठिपके एकत्र केल्यावर तिथे रेघ वाकलेली दिसली आणि त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी वही घेऊन शेजाऱ्यांकडे गेलो होतो.

फेऱ्याची वेळ तर कोणीही घरच्या घरी काढू शकतो. एका वर्षी ऑक्टोबरात तारा सगळ्यात ठळक कधी झाला, म्हणजे ग्राफच्या माथ्यावर कधी आला, ते कॅलेंडरवर खूण करून ठेवायचं, पुढच्या वर्षी ऑक्टोबरात परत. मला दोन खुणांमधे ३६६ दिवस मिळाले. मधल्या काळात फेरे किती झाले असतील, ५० की ५१ की ५२, ते ठरवायला एकाच मोसमातल्या सात-आठ आठवड्यांचे माथे पुरतात. ३६६ ला ५१ ने भागलं तर ७.१७६, म्हणजे ७ दिवस ४ तास आणि वर पंधरा मिनिटांच्या आत-बाहेर. छापील आकडा ७ दिवस ४ तास १४ मिनिटांचा आहे. माथा ओळखण्यात सात-आठ तासांची चूक धरली तरी ती ५१ फेऱ्यांत वाटली जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला आठ-दहा मिनिटं येतात. एक वही, दोन कॅलेंडर आणि डोळे, एवढ्या भांडवलावर नऊशे-हजार प्रकाशवर्षं लांबच्या गोष्टीचं टायमिंग काही मिनिटांपर्यंत काढता येतं! हे शाळेतल्या मुलांकडून एकदा तरी करून घ्यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता तारा असं करतो का. माझ्या शिक्षणाच्या मानाने मला जेवढं समजलंय तेवढं सांगतो. तारा खरोखर फुगतो आणि आकसतो. ताऱ्याच्या आतून उष्णता सारखी बाहेर येत असते. पृष्ठभागाच्या खाली एका थरात हेलियम आहे. तारा आकसला की तो थर दाबला जातो, तापतो, हेलियमच्या अणूतला उरलेला दुसरा इलेक्ट्रॉनही सुटून जातो आणि असा हेलियम उजेडाला अडवतो, थर गढूळ होतो म्हणा. आतली उष्णता अडकते, दाब वाढतो, वरचा भाग बाहेर ढकलला जातो. फुगला की थर थंड होतो, इलेक्ट्रॉन परत येऊन बसतात, थर निवळतो, उष्णता निघून जाते, आणि तारा स्वतःच्या वजनाने परत आत येतो. लोक कुकरच्या शिट्टीचं उदाहरण देतात, ते बरंचसं बरोबर आहे, फक्त कुकरच्या शिट्टीचं वजन कायम तेवढंच असतं आणि इथे झाकण दाबलं की जास्त घट्ट बसतं, आणि हेच महत्त्वाचं आहे, नाहीतर हा झोका कधीचाच थांबला असता. झाकणासारखं काहीतरी असावं ही कल्पना इंग्लंडमधले खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी मांडली होती, आणि ते झाकण म्हणजे हेलियमचा थर हे १९५० च्या दशकात रशियातल्या झेवाकिन यांनी हिशेब करून दाखवलं. एक गोष्ट मला बरीच वर्षं उलटी वाटायची, की तारा सगळ्यात मोठा तेव्हा सगळ्यात ठळक असेल. तसं नाहीये. तो जोरात बाहेर येत असतो, तापलेला असतो, तेव्हा सगळ्यात ठळक असतो. उजेडाचा फरक मुख्यतः तापमानामुळे पडतो, आकारामुळे कमी.

आणि हे शोधणारे लोक कोण होते तेही वाचकांना कळू द्या. इंग्लंडमधे यॉर्क शहरात दोघं शेजारी होते, एडवर्ड पिगॉट आणि जॉन गुडरिक. पिगॉटने १० सप्टेंबर १७८४ ला आपल्या या ईटाचा बदल ओळखला. गुडरिक त्यावेळी विशीतला पोरगा, लहानपणीच्या आजारात ऐकू येणं गेलेलं. त्याने त्याच वर्षी महिन्याभराने वृषपर्वा (इंग्रजीत सेफियस) तारकासमूहातला डेल्टा तारा बदलतो हे शोधलं. पुढे १७८६ च्या एप्रिलमधे रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेने त्याला सदस्य करून घेतलं आणि चार दिवसात तो वारला, वय २१. मला ही तारीख वाचली की दर वेळी गलबलून येतं. या जातीच्या ताऱ्यांना नाव पडलं ते गुडरिकच्या ताऱ्यावरून, सेफीड, म्हणजे वृषपर्वासारखे. खरं तर पहिला सापडलेला आपला ईटा, पण नाव दुसऱ्याला गेलं. गुडरिकबद्दल मला काही म्हणायचं नाही, त्याने एवढ्याशा आयुष्यात केलं ते थोर आहे, पण मराठी पुस्तकांत निदान एका ओळीत ईटाचा आणि पिगॉटचा उल्लेख यायला हवा.

या ताऱ्यांची किंमत कळायला पुढे सव्वाशे वर्षं गेली. अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत हेन्रिएटा लेव्हिट नावाच्या बाई काचेच्या फोटोप्लेटा तपासायचं काम करायच्या. त्यांनाही ऐकू कमी यायचं. पेरू देशातून काढलेल्या लहान मॅजेलन मेघाच्या, म्हणजे ढगासारख्या दिसणाऱ्या ताऱ्यांच्या मोठ्या घोळक्याच्या, प्लेटा त्यांच्याकडे होत्या, हा मेघ इतका दक्षिणेला आहे की आमच्या भागातून तो क्षितिजावर येतच नाही. १९१२ मधे त्यांनी त्यातल्या २५ ताऱ्यांचे फेरे आणि तेज समोरासमोर मांडले आणि दाखवलं की ज्याचा फेरा लांब तो तारा जास्त तेजस्वी. सगळे त्या एकाच मेघातले, म्हणजे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर, त्यामुळे जो ठळक दिसतो तो खरोखरच ठळक. हे मी माझ्या भाषेत सांगतो. लांबवर डोंगरावर एक दिवा दिसतो, तो जवळचा झिरोचा बल्ब आहे की लांबचा मोठा हॅलोजन हे नुसतं बघून सांगता येत नाही. पण बल्बवर वॅट किती ते लिहिलेलं वाचता आलं तर किती अंधुक दिसतो त्यावरून अंतर निघतं. लेव्हिटबाईंनी ताऱ्यावरचे वॅट वाचायची युक्ती दिली. फेरा मोजा, वॅट कळले. आपला ईटा सात दिवसवाला, म्हणून सूर्याच्या अडीच-तीन हजार पट तेजाचा.

मग १९२३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांना देवयानी तारकासमूहातल्या एका धुरकट ठिपक्यात असाच एक तारा सापडला, महिन्याभराच्या फेऱ्याचा. आधी ते त्याला नोव्हा, म्हणजे एकाएकी भडकणारा नवतारा, समजले होते, प्लेटवर तशी खूण केली होती, ती खोडून त्यांनी रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, असं लिहिलं, ती प्लेट अजून जपून ठेवलेली आहे. त्या एका ताऱ्यावरून अंतर काढलं ते नऊ लाख प्रकाशवर्षांच्या घरात आलं, पुढे सुधारून ते आता २५ लाख धरतात, पण तेव्हाचा आकडासुद्धा आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेरचा होता. आपल्या आकाशगंगेसारख्या दुसऱ्या दीर्घिका आहेत हे माणसाला नक्की कळलं ते एका फुगणाऱ्या-आकसणाऱ्या ताऱ्यामुळे. तोपर्यंत लेव्हिटबाई जाऊन दोन वर्षं होत आली होती.

आपल्या देशातलंही एक नाव सांगितल्याशिवाय राहवत नाही. राधागोविंद चंद्र, बंगालमधले, जेस्सोरचे, आता ते बांगलादेशात आहे. शाळेची शेवटची परीक्षा पास न झालेले, सरकारी तिजोरीत साधी नोकरी करणारे. १९१८ च्या जूनमधे या आपल्याच गरुड तारकासमूहात एक नवतारा एकाएकी भडकला, इतका की आकाशातल्या मोजक्या ताऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसला, तो त्यांनी आपल्या आपण बघितला आणि टिपून ठेवला. पुढे अमेरिकेतल्या रूपविकारी तारे बघणाऱ्या हौशी लोकांच्या संस्थेशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला, त्या संस्थेने त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवून दिली, आणि १९५४ पर्यंत त्यांनी ३७ हजारांच्या वर नोंदी करून पाठवल्या. दिवसा ट्रेझरीत नाणी मोजायची आणि रात्री ताऱ्यांचं तेज मोजायचं, तेही तेव्हाच्या बंगालच्या दमट हवेत. ती दुर्बीण पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे गेली आणि तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेत पोचली. मी तीस वर्षं लॉगशीट भरली आहे म्हणून सांगतो, ३७ हजार नोंदी म्हणजे काय ते कळायला स्वतः रोज एक नोंद वर्षभर करून बघावी लागते.

मंद होणं म्हणजे मरणं असं आपल्या बोलण्यातच बसलंय, दिवा विझला, ज्योत मालवली. त्यामुळे तारा मंदावला म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो आणि बातमी देणाऱ्यालाही तेच सुचतं. तिमिंगल तारकासमूहात मीरा म्हणून एक तारा आहे, तो तर साधारण ११ महिन्यांच्या फेऱ्यात नुसत्या डोळ्यांना दिसेनासाच होतो आणि परत येतो, १५९६ मधे फाब्रिसियस या धर्मगुरूने तो पहिल्यांदा टिपला तेव्हापासून हेच चालू आहे. आणि आपण ज्याला अढळ म्हणतो तो ध्रुव, तोही याच सेफीड जातीचा, चार दिवसांच्या फेऱ्यात अगदी किंचित कमी-जास्त होतो, डोळ्याला कळत नाही इतका. विसाव्या शतकात त्याचा हा झोका कमी कमी होत गेला, थांबेल असं वाटत होतं, पण पुढे परत वाढायला लागला. ध्रुवबाळाच्या गोष्टीला यामुळे काही धक्का लागत नाही, जागा तर त्याची तीच आहे.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. आपल्या पेपरात महिन्याच्या सुरुवातीला आकाशात काय दिसेल ते येतं, मी ते कात्रण कित्येक वर्षं ठेवतोय आणि त्याबद्दल आपले आभार. पण त्यात गुरू कुठे, शनी कुठे, उल्कावर्षाव कधी, ग्रहण कधी एवढंच असतं. त्यात ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या दोन महिन्यांसाठी तरी ईटाची एक ओळ आणि एक छोटा नकाशा द्या. पावसाळ्यात गरुड रात्रभर वर असतो पण आभाळ असतं, उन्हाळ्यात तो पहाटे येतो तेव्हा लोक झोपलेले असतात, नवरात्र संपलं की नोव्हेंबरअखेरपर्यंतचे हे सात-आठ आठवडेच संध्याकाळचे सोयीचे आहेत. कोजागिरीच्या आसपास चार दिवस चांदण्यामुळे जमणार नाही, दिवाळीच्या अमावास्येला आभाळ काळंभोर असतं पण फटाक्यांचा धूर बसलेला असतो, बाकी दिवस चांगले. शक्य असेल तर एकाच महिन्यात वाचकांकडून रोजच्या नोंदी मागवा, नागपूरला ढग असतील तेव्हा सांगलीला नसतील, सगळ्यांचे ठिपके एकाच ग्राफवर टाकून छापा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना आकाश शिकवतेय, अशा जाणत्यांपैकी कोणी ते आकडे तपासून दिले तर फारच चांगलं होईल. स्फोटाच्या चौकटीला जेवढी जागा गेली तेवढ्यातच हे सगळं बसतं.

बघणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. बॅटरीच्या काचेला लाल जिलेटीन कागद रबर बँडने लावा, पांढऱ्या उजेडात वही बघितली की पुढची दहा मिनिटं डोळा गेला, मोबाईलचंही तेच. रस्त्यावरचा एलईडी दिवा डोळ्यावर येत असेल तर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभे रहा, आमच्याकडे नवीन दिवे लागल्यापासून मला जागा बदलावी लागली आहे आणि आयोटा शोधायला आता वेळ लागतो. ईटाकडे टक लावून बघू नका, बीटा बघा, ईटा बघा, आयोटा बघा, परत ईटा बघा, आणि मग ठरवा की तो दोघांच्या मधे कुठे बसतो, अर्ध्यात की बीटाच्या जवळ की आयोटाच्या जवळ, आणि जे दिसलं तेच लिहा. कालचा आकडा आधी वाचू नका, त्याने डोळा फसतो. शेजारच्या मुलीला मी वहीचं कालचं पान क्लिप लावून बंद करायला शिकवलंय.

सोबत हाताने काढलेला नकाशा जोडत आहे. श्रवण, कावडीची दोन टोकं, ईटा, थीटा, आयोटा आणि वळण्याच्या खुणेसाठी गरुडातलाच डेल्टा एवढेच तारे दाखवले आहेत आणि वर उत्तर आहे. छापताना कृपा करून ठिपके मी काढलेत तसेच लहान-मोठे ठेवावेत, सगळे एका साईजचे झाले तर तुलना कोणाशी करायची तेच कळणार नाही, आणि ईटाचा ठिपका भरीव न करता नुसतं पोकळ वर्तुळ ठेवावं, कारण पेपर ज्या दिवशी घरात येईल त्या दिवशी तो किती ठळक असेल ते बघणाऱ्याने स्वतः भरायचं आहे.

कळावे,
आपला नेहमीचा वाचक,
एक निवृत्त सबस्टेशन ऑपरेटर,
तालुका संगमनेर